मालनकाकू चाखायच्या नाहीत

सकाळचा स्वयंपाक झाला की मालनकाकू आधी एक लहान स्टीलची ताटली घ्यायच्या. भाताची मूद, तिच्यावर वरण, कडेला त्या दिवशीची भाजी, दुमडून ठेवलेली एक पोळी. सगळ्यावर, खिडकीत तेलाच्या जुन्या डब्यात लावलेल्या तुळशीचं पान. ताटली देवासमोर ठेवून त्या भोवती पाणी फिरवायच्या, डोळे मिटून जरा वेळ उभ्या राहायच्या आणि मग वळून म्हणायच्या, "हां, भरा आता." तेव्हा कुठे डब्यांची झाकणं उघडायची. तोवर त्या खोलीत कोणी चमचा तोंडाला लावायचा नाही. देवाच्या आधी चाखलं की ते उष्टं, आणि उष्टं देवाला चालत नाही. हा नियम त्यांच्या सासूचा, संगमेश्वराकडच्या गावातला. विठ्ठलवाडी स्टेशनपासून जवळ, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्र चालवतानाही त्यांनी तो सोडला नव्हता.

नैवेद्याची ती ताटली हेच काकूंचं जेवण. सगळे डबे गेले, ओटा पुसून झाला, की त्या ती उचलून दाराशी पाटावर बसायच्या. तोवर भात कडक झालेला असायचा आणि वरण घट्ट. योगिनी, त्यांची सून, दिवसभर त्यांच्याबरोबर पोळ्या लाटायची. ती म्हणायची, "आई, द्या ना, गरम करून देते." काकू म्हणायच्या, "देवाने गार खाल्लं, मग मला काय झालंय?"

तीन दिवाळ्यांपूर्वी त्यांना मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर मात्र त्या ताटली गरम करून मागायला लागल्या. योगिनीला वाटलं, वय झालं.

न चाखता स्वयंपाक करण्याचा त्यांना अभिमान होता. "किती मीठ टाकता?" असं कोणी विचारलं की त्या हात पुढे करून दाखवायच्या. "याला विचार. मला माहीत नाही." त्यांच्या यजमानांची, गोपीनाथकाकांची, कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी हे केंद्र सुरू केलं. काका गेले, मुलगा संदेश शिकून लिफ्टच्या कंपनीत लागला, घर उभं राहिलं, तरी केंद्र चालूच राहिलं. संदेशला आईचे सुजलेले पाय दिसायचे. दर महिन्याला तो एकदा तरी म्हणायचाच, "आता बस कर ना आई." काकू म्हणायच्या, "करते की. दिवाळी होऊ दे." दिवाळीनंतर शिमगा असायचा, शिमग्यानंतर गणपती.

त्या तापात त्यांची चव गेली होती. वासही. ताप उतरला, खोकला थांबला, अंगात ताकद आली, पण या दोन गोष्टी परत आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. काही दिवस त्या सकाळी चूळ भरल्यावर जिभेवर साखर ठेवून बघायच्या. मग तेही सोडलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संदेशने दुसऱ्याच दिवशी केंद्राला कुलूप लावलं असतं, आणि कुलूप लागल्यावर सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांची वाट बघणारी माणसं त्या दाराशीच यायची.

सासूचा नियम आता त्यांच्या कामी आला. जी बाई कधी चाखतच नाही, तिला चव लागत नाही हे कळणार कसं? हात होता, त्याच्यावर चालत होतं. कधीतरी एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, काकू, काल जरा खारट होतं हं. काकू मिठाच्या पुडीवर ढकलायच्या. एकदा त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि शेजारी दूध करपत होतं. योगिनी बाहेरच्या नळावरून धावत आली. "लक्ष नव्हतं गं," काकू म्हणाल्या. योगिनीने शेगडी बंद केली. पुढे कधीतरी ती मला म्हणाली, "मला शंका होती. पण विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं."

हे सगळं मला कळलं ते त्या बाळकुमच्या जेवणानंतर.

नयन आमच्या बिल्डिंगमागच्या चाळीत खोली घेऊन राहायचा. हॉटेलच्या कामाचं शिक्षण घेत होता आणि डबा काकूंचा खायचा. "हॉटेलचं शिकतो आणि जेवायला आमच्याकडे येतो. शिकवतात तरी काय तुला?" काकू त्याला चिडवायच्या. तो हसून डबा घासून परत द्यायचा. नंतर तो ठाण्याला गेला. बाळकुमला एक मोठं हॉटेल निघालं होतं, अमेरिकेतल्या इटालियन लोकांच्या पद्धतीचं, तिथे तो मुख्य शेफच्या हाताखाली लागला.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो केंद्रावर आला. काकू ओटा पुसत होत्या, योगिनी, संदेश आणि मी दाराशी बोलत होतो.

"काकू, आमचा थंडीचा नवा मेन्यू येतोय. रविवारी दुपारी ओळखीच्या लोकांना आधी जेवायला बोलावतात. चौघांची जागा ठेवलीय मी तुमच्यासाठी."

"अरे, आम्ही कुठे तिकडे."

"यायलाच लागेल. त्यात एक पदार्थ तुमचा आहे."

"माझा?"

"लाल भोपळा. मेथीदाण्यांची फोडणी. तुमचीच भाजी, पण आमच्या पद्धतीने. शेफ म्हणाले, ज्यांची आहे त्यांना खाऊ घाल. त्या हो म्हणाल्या तर मेन्यूवर."

काकूंचा हात फडक्यावर थांबला. "मला काय कळतंय रे त्यातलं," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. आम्हाला तो त्यांचा साधेपणा वाटला.

मग त्यांनी गुडघ्याचं कारण सांगून बघितलं, मग रविवारच्या धुण्याचं. संदेश ऐकेना. "आयुष्यभर लोकांना वाढलंस. एकदा बसून खा." चौथी मी गेले, कारण मेन्यू इंग्रजीत असणार. "तू ये," काकू म्हणाल्या, "काय लिहिलंय ते तरी कळेल." नात सान्वीला वरच्या मजल्यावर आमच्या आईजवळ ठेवलं.

रविवारीही सकाळी ताटली देवासमोर गेली. मग काकूंनी मोरपंखी साडी नेसली आणि आम्ही टॅक्सीने निघालो. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, भिवंडीच्या अलीकडची ट्रकांची रांग, खोदलेले रस्ते, झाडांच्या पानांवर बसलेली सिमेंटची धूळ. कशेळीच्या पुलावर खाडीचा वास आत आला तशी योगिनीने नाकाला पदर लावला आणि काच वर केली. काकू बाहेर बघत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ऊन लागतंय का तुला?"

हॉटेल एका उंच इमारतीच्या तळाशी होतं. दार उघडायला वेगळा माणूस. आत गारवा, अंधुक दिवे, भिंतीवर जुन्या अमेरिकन गल्ल्यांचे फोटो: किराण्याची दुकानं, मिशीवाले दुकानदार, दाराशी बसलेल्या जाड्या आज्या. काकू त्या आज्यांकडे बराच वेळ बघत होत्या. "बघ, हिचेही पाय सुजलेत," त्या मला म्हणाल्या.

मेन्यूचा कागद जाड होता. मी वाचत गेले. भाजलेल्या टोमॅटोचं सूप, वांग्याचे काप चीजखाली भाजलेले, लाल भोपळ्याची रॅव्हिओली, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं काहीतरी गोड.

"नुसतं ऐकूनच पोट भरलं," संदेश म्हणाला. "आता घरी जाऊ या."

"गप रे," योगिनी म्हणाली. "आई, वांगं चालेल ना?"

"सगळं चालेल."

नयन पांढऱ्या कोटात बाहेर आला, वाकून काकूंच्या पाया पडला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि सांगायला लागला. हे लोक गरिबीतून इटली सोडून अमेरिकेला गेले. तिथे चीज भरपूर, मटण भरपूर. मग गावचेच पदार्थ मोठे झाले, जड झाले. आता खुद्द इटलीतली माणसं म्हणतात, हे आमचं नाहीच.

"आपल्या चाकरमान्यांसारखं," काकू म्हणाल्या. "माझी आमटी गावाला नेली तर माझी जाऊ विचारते, ही कुठली आमटी."

सूप आलं. पसरट पांढऱ्या वाटीत लाल सूप आणि मधोमध एक हिरवं पान. संदेशने लगेच चमचा घातला. काकू हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"काकू, घ्या ना," नयन म्हणाला.

"पान ठेवलंय ना वर."

"हो, बेसिल आहे. आपल्या तुळशीतलंच."

"मग दाखवून झालं का?"

संदेशला हसू आलं. नयनला आलं नाही. तो म्हणाला, "झालं, काकू. आत दाखवूनच आणलंय."

काकूंनी पान उचललं, डोळ्यांना लावलं आणि तोंडात टाकलं. मग चमचा घेतला. "गरम आहे," त्या म्हणाल्या. "छान." वांग्याचे काप आले, त्यांनाही त्या म्हणाल्या, "गरम आहे." मला आठवलं, हल्ली त्या सगळ्याच अन्नाला एवढंच म्हणतात.

रॅव्हिओली नयनने स्वतः आणली. चौघांपुढे चार ताटल्या. पिठाच्या चौकोनी उशा, आत भोपळा आणि चीज, वर लोण्यात तळलेले मेथीदाणे. "उकडलेल्या करंज्या," काकू म्हणाल्या. नयन बाजूला उभा राहिला. हात पाठीमागे घेतलेले, पण बोटं एकमेकांत वळत होती.

मी पहिला घास घेतला आणि तो गिळावा की नाही ते कळेना. मीठच मीठ. खाडीचं पाणी प्यायल्यासारखं. समोर संदेशने ग्लास उचलून एका दमात रिकामा केला.

काकू सावकाश खात होत्या. एक उशी संपली, दुसरी संपली. नयन त्यांच्याकडेच बघत होता.

"मीठ अगदी बेताचं पडलंय," त्या म्हणाल्या. "हात बसला हं तुझा."

नयनचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "खरंच, काकू? मग सांगू आत? संध्याकाळपासून मेन्यूवर घेतील."

"सांग की."

संदेशने तोंड उघडलं. योगिनीने टेबलाखालून त्याचं मनगट धरलं. "छान झालंय," ती नयनला म्हणाली. तिने आणखी एक उशी तोंडात टाकली, न चावता गिळली आणि पाण्याचा ग्लास घेतला. नयन आत जायला वळला.

काकूंनी मान वर केली. योगिनीचा ग्लास रिकामा. संदेशचा रिकामा. माझ्या ताटलीत एक घास तोडलेला, बाकी सगळं तसंच. त्या एकेका ताटलीकडे बघत गेल्या, जसं डबे भरताना कुठली वाटी राहिली ते बघायच्या. मग त्यांनी चमचा खाली ठेवला.

त्या गप्प राहिल्या असत्या तर चाललं असतं. नयन आत गेला असता, कोणीतरी नंतर चाखलं असतं, चूक निस्तरली असती. किंवा नसतीही. संध्याकाळी भरलेल्या टेबलांवर ते तसंच गेलं असतं.

"नयन," त्यांनी हाक मारली.

तो परत आला.

"माझ्या ताटलीतलं एक खा."

"काकू, मी आत सगळ्यांना..."

"आधी खा. उष्टं आहे म्हणून नको वाटतंय का?"

"नाही हो." त्याने काट्याने एक तुकडा उचलला. दोनदा चावला आणि थांबला. आजूबाजूला चमच्यांचे आवाज चालू होते. "मीठ दोनदा पडलंय," तो हळू म्हणाला. "मी लोण्यात घातलं, आणि सारणात आधीच कोणीतरी..." मग त्याने काकूंकडे बघितलं. "पण तुम्ही तर..."

"मला चव लागत नाही," काकू म्हणाल्या. उद्या पाणी येणार नाही असं शेजारणीला सांगावं, तशा आवाजात. "त्या तापापासून. तुला खोटं सांगितलं मी. तू बिचारा तेच धरून लोकांना वाढशील, म्हणून सांगते."

 एक वाढपी येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना. नयनने चारही ताटल्या स्वतः उचलल्या. जाताना म्हणाला, "थांबा हं. उठू नका."

"दोन वर्षं, आई?" संदेशने विचारलं.

"हो."

"आणि तू रोज एवढे डबे..."

"हाताने."

"कोणाला काही झालं असतं म्हणजे?"

"मीठ जास्त पडून कोणाला काय होतं रे," योगिनी म्हणाली.

"बोलू दे त्याला," काकू म्हणाल्या. "बरोबर आहे त्याचं." त्यांनी मांडीवरचा रुमाल उचलून घडी घालायला घेतली. घडी झाली की उलगडायच्या आणि पुन्हा घालायच्या. चेहऱ्यावर लाज नव्हती, रडूही नव्हतं. दिवसभराचं ओझं उतरवल्यावर खांदे जसे खाली येतात, तसे त्यांचे आले होते.

नव्या ताटल्या आल्या. काकूंनी हात लावला नाही. आपली ताटली त्यांनी योगिनीपुढे सरकवली. "तू बघ आधी."

योगिनीने घास घेतला. नयन उभाच होता.

"सांग," काकू म्हणाल्या.

"आधी गोड लागतं," योगिनी म्हणाली. "आपल्या भोपळ्यापेक्षा गोड. मग लोणी. मीठ बरोबर आहे. मग मागून मेथी येते, कडवट. पण तुमच्याइतकी नाही."

"कमी आहे?"

"कमी आहे. तुम्ही दाणे काळपट होईपर्यंत ठेवता."

"ऐकलंस?" काकू नयनला म्हणाल्या. "अजून जरा होऊ दे. घाबरू नको."

मग त्यांनी ताटली परत आपल्याकडे ओढली आणि सगळं संपवलं. मधेच थांबून त्या योगिनीला विचारत होत्या, "हे आता कसं?" स्ट्रॉबेरीचं गोड आलं तेव्हाही विचारलं. योगिनी सांगत होती. तिला नेमके शब्द सापडत नव्हते, तरी सांगत होती: आंबट, पण चिंचेसारखं नाही, कैरी पिकायच्या आधी लागते तसं. काकू मान हलवत खात होत्या.

परतताना संदेश पुढे बसला होता. भिवंडीच्या अलीकडे पुन्हा ट्रकांमागे थांबलो. त्याने मागे न बघता म्हटलं, "मग आता बंद करू या."

काकूंनी डोकं काचेला टेकलं होतं. "कर," त्या म्हणाल्या.

त्याला हे अपेक्षित नव्हतं. "खरंच?"

"दमले रे मी. सारखं सांभाळायचं, कोणाला कळायला नको म्हणून."

बराच वेळ गाडी हलली नाही. मग योगिनी म्हणाली, "उद्यासाठी वाल भिजवलेत."

"मग?"

"मोड आलेत. सोलून ठेवलेत सकाळी. टाकून देणार का?"

"उद्याचं करा मग," संदेश म्हणाला.

दुर्गाडीचा पूल आला. काकूंचा डोळा लागला होता, तोंड जरा उघडं. योगिनीने त्यांचा पदर सारखा केला.

सोमवारी वालाचं बिरडं झालं. मी डबा आणायला खाली गेले तेव्हा दोघी ओट्याशी अडून उभ्या होत्या. योगिनीने चाखायचं तर ते उष्टं होणार. न चाखता डबे भरायचे तर कालचं सगळं फुकट. काकूंनी जरा विचार केला, ताटली घेतली, त्यात देवापुरतं वाढलं, पान ठेवलं, देवासमोर नेऊन पाणी फिरवलं. परत येऊन पळी पातेल्यात घातली आणि योगिनीपुढे धरली.

"आणि देवाच्या ताटलीत खारट गेलं असलं तर?" योगिनीने विचारलं.

"देव कुठे बोलतो? डबेवाले बोलतात."

मंगळवारसाठी चवळी भिजलेली होती. बुधवारसाठी काहीतरी होतंच. संदेश दर महिन्याला एकदा म्हणत राहिला, पण आवाजात जोर नव्हता. नयनचा भोपळा थंडी संपेपर्यंत मेन्यूवर होता, मग आंब्याचं काही आलं. केंद्रात काकू आता स्टुलावर बसून सांगायच्या आणि योगिनी करायची; मीठ तेवढं काकूंच्या हाताचं आणि चव योगिनीच्या जिभेची. दुपारची ताटली त्या पुन्हा गारच खायला लागल्या. योगिनी शेजारी बसून आपलं जेवता जेवता सांगायची, आज फोडणी चांगली बसलीय, आज कोकम जास्त झालंय.

वैशाखात एका सकाळी मी खाली गेले, तेव्हा योगिनी सान्वीला घेऊन दवाखान्यात गेली होती. काकू एकट्या होत्या. त्याच दुपारी त्या जरा पडते म्हणून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. पण सकाळी तसं काही दिसत नव्हतं. पाय सुजलेले होते, ते नेहमीचंच. आमटी उकळत होती. देवासमोरच्या ताटलीतून वाफ येत होती आणि वाफेने तुळशीचं पान मऊ पडत होतं. काकूंनी एका हाताने ओटा धरला, दुसऱ्या हाताने पळीभर आमटी घेऊन ती फुंकली आणि माझ्यासमोर धरली.

"देवाचं काढून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आता मीठ बघ."